पारडीच्या क्लिनिकमधून एसीएलएसपर्यंत: कोर्स कसा केला, काय लागलं, नंतर काय केलं

आम्हा डॉक्टरांच्या नोंदणीचं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रिन्यूअल दर पाच वर्षांनी येतं आणि त्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. माझं रिन्यूअल २०२५ मध्ये होतं, पॉइंट थोडेच कमी पडत होते, संध्याकाळच्या एखाद-दोन सीएमईला, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानांना, जाऊन बसले असते तरी काम भागलं असतं. पण यावेळी मला नुसत्या स्लाइड्स बघायच्या नव्हत्या, हाताने शिकायचं होतं, आणि तेही कार्डियाक इमर्जन्सीचं. बऱ्याच जीपी (फॅमिली डॉक्टर) मित्रमैत्रिणींनी नंतर फोन करून विचारलं की हे बीएलएस-एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवायचे पायाभूत आणि पुढचे कोर्स, नक्की कसं करतात, आपल्या वयात जमतं का, पैसे किती लागतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी कारण सांगते. माझं क्लिनिक नागपुरात पारडीला, भंडारा रोडच्या बाजूला. आजूबाजूला गोदामं, ट्रान्सपोर्टवाले, हातावर पोट असलेली माणसं. २०२४ च्या मे महिन्यात भर दुपारी एक पन्नाशीच्या आतले गृहस्थ अ‍ॅसिडिटी झाली म्हणून आले. नागपूरचा मे म्हणजे घाम सगळ्यांनाच असतो, त्यावरून काही कळत नाही, पण नाडी बघायला हात धरला तर तो थंडगार आणि ओला. ईसीजी काढला, लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेलेलं, म्हणजे हृदयाच्या खालच्या बाजूचा हार्ट अटॅक, स्पष्ट दिसत होतं. अ‍ॅस्पिरिन चावायला दिलं, १०८ ला फोन केला, धंतोलीच्या एका हॉस्पिटलला कळवून ठेवलं. अ‍ॅम्ब्युलन्स आली, ते वेळेत पोचले, अँजिओप्लास्टी झाली, आज छान आहेत. पण अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंतचा तो वेळ मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि डोक्यात एकच चालू होतं की यांना आत्ता इथे अरेस्ट आला, हृदयच बंद पडलं तर? सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणं, मी शेवटचा दिला तो मेडिकलला इंटर्नशिप करताना, म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी. तेव्हा बाजूला रेसिडेंट होते, सिस्टर होत्या, शॉक द्यायचं डिफिब होतं. इथे मी, आमचे कंपाउंडर भाऊ आणि रिसेप्शनच्या ताई. त्या रात्री झोप नीट लागली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू केली.

चौकशीत कळलं की आपल्याकडे मुख्यतः दोन रस्ते आहेत. एक अमेरिकन हार्ट असोसिएशनचा, म्हणजे आधी बीएलएस आणि मग एसीएलएस, त्याचं कार्ड दोन वर्षं चालतं. दुसरा इंडियन रिससिटेशन कौन्सिलचा, तो आपल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या देशाच्या हिशेबाने बसवलेला आहे, त्यात सामान्य माणसांसाठी सीओएलएस, हॉस्पिटलबाहेर काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी बीसीएलएस आणि हॉस्पिटलमधल्यांसाठी सीसीएलएस अशा पायऱ्या आहेत. दोन्ही चांगले आहेत. मी अमेरिकन हार्टवाला घेतला कारण नागपुरात माझ्या सोयीच्या तारखेला तोच मिळत होता, एवढंच. ज्यांना फक्त पाया पक्का करायचाय त्यांनी नुसतं बीएलएस केलं तरी खूप आहे, हे मी आता करून आल्यावर खात्रीने सांगते.

जुलैमध्ये नाव नोंदवलं. दोन्ही मिळून साडेनऊ हजार, पुस्तक वेगळं. तारीख मिळाली सप्टेंबरची. क्लिनिकच्या दारावर बोर्ड लावला, माझ्या जागी बसायला एका मैत्रिणीला सांगून ठेवलं आणि चार दिवस आधी फोन आला की पुरेशी नावं आली नाहीत, बॅच रद्द. पैसे परत मागितले तर म्हणाले परत नाही मिळत, पुढच्या बॅचला बसा. मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हणून पहिली सूचना हीच, पैसे भरायच्या आधी बॅच रद्द झाली तर काय, हे विचारून घ्या आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. दुसरं विचारायचं ते म्हणजे एका मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, किती जण असतील. हा प्रश्न फीपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण पंधरा जणांत एक मॅनिकिन असेल तर तुम्ही बघून याल, करून येणार नाही. आणि तिसरं, कौन्सिलचे पॉइंट मिळणार की नाही आणि किती. कार्ड मिळालं म्हणजे पॉइंट आपोआप मिळतात असं धरून चालू नका, त्या कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता लागते, ती आहे का ते आधीच बघा.

पुढची तारीख डिसेंबरची. एका अर्थी बरंच झालं, अभ्यासाला वेळ मिळाला. एसीएलएसला जायच्या आधी ऑनलाइन सेल्फ-असेसमेंट द्यावी लागते, त्यात ७० टक्के मिळवून सर्टिफिकेटची प्रिंट सोबत न्यायची असते. त्यात तीन गोष्टी असतात, ईसीजीवरून हृदयाचा ऱ्हिदम ओळखणं, औषधं, आणि प्रत्यक्ष प्रसंग. कितीही वेळा देता येते, त्यामुळे घाबरू नका. मी रात्रीची ओपीडी आटोपून, जेवणं झाल्यावर दहा ते अकरा बसायचे. ऱ्हिदममध्ये सगळ्यात जास्त वेळ हार्ट ब्लॉकने घेतला. शेवटी मी पीआर इंटरव्हल (ईसीजीवरचं एक अंतर) पेन्सिलने कागदाच्या कडेवर खुणा करत मोजायला लागले आणि मग मोबिट्झ एक आणि दोन हे ब्लॉकचे दोन प्रकार वेगळे दिसायला लागले. जुनं शिकलेल्यांनी औषधांचे डोस नव्याने वाचाच, कारण बदलले आहेत. ब्रॅडीकार्डियाला, म्हणजे ठोके फार हळू पडत असतील तर, अ‍ॅट्रोपिन आपण ०.५ मिग्रॅ शिकलो होतो, २०२० च्या गाइडलाइनपासून ते १ मिग्रॅ आहे, दर ३ ते ५ मिनिटांनी, जास्तीत जास्त ३ मिग्रॅपर्यंत.

बीएलएस शुक्रवारी, १३ डिसेंबरला होतं आणि शनिवार-रविवार एसीएलएस. सोमवारपासून हिवाळी अधिवेशन सुरू होणार, त्यामुळे शहरात बंदोबस्त लागलेला, आणि रविवारी तर मंत्रिमंडळाचा शपथविधीच नागपुरात होता. गाडी घेऊन जायचा विचारच केला नाही, प्रजापती नगरहून मेट्रो धरली आणि सीताबर्डीला बदलून पुढे गेले. धंतोली-रामदासपेठेत एरवीही पार्किंग मिळत नाही, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांनी मेट्रोच बघावी. कपड्यांचं सांगते, साडी नको, सैलसर सलवार-कुर्ता किंवा ट्रॅक पँट आणि सपाट बूट घाला, अर्धा दिवस गुडघ्यावर जातो. गुडघे दुखत असतील तर एक जाडसर नॅपकिन ठेवा पर्समध्ये.

बॅचमध्ये आम्ही सगळे मिसळ होतो. दोन-तीन नवे आरएमओ (हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर), त्यांना हॉस्पिटलने एनएबीएचच्या दर्जा-मान्यतेसाठी लागतं म्हणून पाठवलेलं, भंडाऱ्याहून आलेली आयसीयूची एक सिस्टर, एक डेंटिस्ट, आणि माझ्यासारखे क्लिनिकवाले. माझ्यापेक्षा वयाने मोठे एक सर कामठीहून आले होते, साठीच्या पुढचे. ते बघून मला खूप धीर आला.

बीएलएस सोपं वाटतं पण तसं नाही. मिनिटाला १०० ते १२० कॉम्प्रेशन (छाती दाबणं), खोली कमीत कमी ५ सेंमी पण ६ च्या वर नाही, ३० कॉम्प्रेशनला दोन श्वास, हे सगळं पाठ असतं. मॅनिकिनवर बसल्यावर कळतं की ५ सेंमी म्हणजे किती. योग्य खोलीला गेलं की मॅनिकिनमधून क्लिक असा आवाज येतो आणि छातीवरचे छोटे दिवे वेग बरोबर असेल तरच पेटतात. पहिलं मिनिट सगळ्यांचं मस्त जातं. दुसऱ्या मिनिटाला हात दाबतात पण वर पूर्ण सुटत नाहीत, शरीराचं वजन छातीवरच राहतं, आणि हे आपल्याला स्वतःला अजिबात जाणवत नाही. आमचे इन्स्ट्रक्टर भूलतज्ज्ञ होते, ते मागून फिरत सगळ्यांना एकच सांगत होते, "दाबून राहिले मस्त, पण सोडून नाही राहिले. छातीला वर येऊ द्या बाप्पा, हृदयात रक्त भरन कधी?" हे वाक्य माझ्या हातात बसलं आहे. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, तो थकलो म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

मोजण्याची एक युक्ती तिथे मिळाली ती फार कामाची आहे. मराठीत मोजताना वीसच्या पुढे शब्द लांब होतात, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस म्हणेपर्यंत हातांचा वेग कमी होतो. म्हणून एक ते दहा तीनदा मोजायचं. स्टाफला शिकवताना याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

एईडीचं, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या शॉकच्या मशीनचं, प्रात्यक्षिक त्याच दिवशी झालं. मशीन स्वतःच बोलतं, काय करायचं ते सांगतं, त्यामुळे भीती लगेच जाते. शिकायचं ते एवढंच की पॅड लावताना कॉम्प्रेशन थांबवायचं नाही, मशीन ऱ्हिदम तपासत असताना कुणी हात लावायचा नाही, आणि शॉक बसल्याबरोबर पल्स शोधत न बसता परत छातीवर हात. व्हीएफमध्ये, म्हणजे हृदय नुसतं थरथरत असतं तेव्हा, सीपीआर आणि शॉकशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. पारडीहून धंतोली किती लांब आहे, संध्याकाळी त्या रस्त्याला किती गर्दी असते, हे मला माहीत आहे, त्यामुळे तो आकडा ऐकून मी वहीत दोनदा अधोरेखित केला.

शनिवारी एसीएलएस सुरू झालं. छातीत दुखण्याच्या पेशंटचं सत्र माझ्या रोजच्या कामाचं होतं. पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी. अ‍ॅस्पिरिन १६२ ते ३२५ मिग्रॅ चावून. ऑक्सिजन सरसकट नाही, सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच. आणि सॉर्बिट्रेट! आपल्याकडे छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ही सवय घराघरात आहे, शेजारचे काकासुद्धा खिशातून काढून देतात. इन्फिरियर एमआयमध्ये (हृदयाच्या खालच्या बाजूच्या अटॅकमध्ये) उजव्या व्हेंट्रिकलला, म्हणजे उजव्या खालच्या कप्प्याला, मार बसलेला असेल तर त्या गोळीने बीपी धाडकन पडतं. म्हणून आधी बीपी बघायचं, सिस्टॉलिक ९० च्या खाली असेल तर नाही, सिल्डेनाफिलसारखं काही घेतलंय का ते विचारायचं, आणि इन्फिरियर दिसलं तर छातीचं एक लीड उजव्या बाजूला लावून परत ईसीजी काढायचा. लीड उलट्या बाजूला लावायला पैसे लागत नाहीत, एक मिनिट लागतो. माझ्या मते छोट्या क्लिनिकवाल्याने हे एवढं शिकलं तरी फी वसूल.

मग वेळेचं गणित. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या हॉस्पिटलात दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांत शीर उघडली पाहिजे, आणि ती सोय वेळेत मिळणारच नसेल तर जिथे आहे तिथे ३० मिनिटांत गुठळी विरघळवणारं औषध सुरू. आपलं काम यात काय, तर ईसीजीचा फोटो पेशंटच्या आधी हॉस्पिटलला पोचवायचा.

औषधांमध्ये अ‍ॅडेनोसिन (अतिवेगाने धावणारे ठोके ताळ्यावर आणणारं इंजेक्शन) हाताने करून बघायला मिळालं ते बरं झालं. त्याचा असर काही सेकंदांत संपतो, म्हणून ६ मिग्रॅ झटक्यात आणि त्याच्या पाठोपाठ लगेच २० मिली सलाइन, थ्री-वेला दोन सिरिंज आधीच जोडून, आणि मग पेशंटचा हात वर उचलायचा. नुसतं वाचून ही हालचाल जमत नाही, दोन अंगठ्यांचं टायमिंग आहे ते. अरेस्टमध्ये अ‍ॅड्रिनलिन १ मिग्रॅ दर ३ ते ५ मिनिटांनी, शॉक देऊनही व्हीएफ जात नसेल तर अ‍ॅमिओडेरोन ३०० आणि नंतर १५०. ऱ्हिदम शॉक देण्यासारखा नसेल तर कारण शोधायचं. रक्त-पाणी कमी झालंय का, ऑक्सिजन नाही का, पोटॅशियम, अ‍ॅसिडोसिस, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर अडकलेली हवा), टॅम्पोनाड (हृदयाभोवती साचलेलं रक्त-पाणी), गुठळी, विष. विषावर आल्यावर सर थांबले. विदर्भात फवारणीचं औषध पोटात गेलेले, साप चावलेले पेशंट कुणी बघितले नाहीत, असं विचारलं आणि एकाचाही हात वर गेला नाही.

दुपारी टीमचा सराव सुरू झाला आणि मला वाटतं कोर्सचा खरा गाभा तो आहे. एकाने टीम लीडर व्हायचं, तो हात लावत नाही, पायथ्याशी उभा राहून बघतो आणि सांगतो. सांगताना नाव घेऊन सांगायचं, ऐकणाऱ्याने तेच परत मोठ्याने म्हणायचं आणि झाल्यावर "दिलं" असं सांगायचं. "सिस्टर, अ‍ॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम द्या." "अ‍ॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम देते... दिलं, दहा वाजून चार मिनिटं." ऐकायला नाटकी वाटतं, पण पाच जण एकदम बोलणारी खोली यामुळे दोन मिनिटांत शांत होते, हे मी डोळ्यांनी बघितलं. भंडाऱ्याची सिस्टर लीडर झाली तेव्हा एका आरएमओने मध्येच कॉम्प्रेशन थांबवून मॉनिटर बघायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "सर, दहा सेकंद होऊन गेले, हात छातीवर." आवाज चढवला नाही. तो लगेच खाली वाकला. हुद्दा बाजूला ठेवून बोलायची अशी मुभा आपल्या हॉस्पिटलांत रोज मिळाली तर किती बरं होईल असं मला तिथे फार वाटलं.

रविवारी परीक्षा. मेगाकोडमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगाच्या परीक्षेत, माझा पेशंट ब्रॅडीकार्डियाने सुरू झाला, पल्स ३८, बीपी पडलेलं, अ‍ॅट्रोपिन दिलं, पेसिंग (मशीनने ठोके देणं) तयार करायला सांगितलं तोवर व्हीएफ, मग शॉक, सीपीआर, औषधं, मग मॉनिटरवर ऱ्हिदम आहे पण पल्स नाही, आणि शेवटी एंड टायडल सीओटू (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) एकदम वर गेला म्हणजे हृदय सुरू झालं. तरी संपत नाही बरं का, नंतरचं बीपी, सॅच्युरेशन, बारा लीडचा ईसीजी, पेशंट शुद्धीवर नसेल तर टेम्परेचर कंट्रोल, हे सगळं बोलायचं असतं. छातीत धडधड होत होती, पण तोंडाने क्रम म्हणत राहिले की हात-पाय आपोआप जागेवर येतात. लेखी पेपर ५० प्रश्नांचा, ८४ टक्के म्हणजे ४२ बरोबर यावे लागतात. पुस्तक उघडून बघायची परवानगी असते, पण शोधत बसाल तर वेळ पुरत नाही, म्हणून अल्गोरिदमच्या (काय-कधी करायचं त्या तक्त्यांच्या) पानांना आधीच रंगीत चिठ्ठ्या लावून न्या. कुणाचं एखादं स्टेशन राहिलं तर परत शिकवून परत घेतात, हाकलून देत नाहीत. कामठीचे सर पहिल्याच वेळी पास झाले आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कार्ड कागदाचं नसतं, ई-मेलवर लिंक येते, ती उघडून क्लेम करायचं. माझं जवळजवळ दोन आठवड्यांनी आलं. मेल आली नाही तर स्पॅम बघा. नाव नोंदवताना कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच लिहा, लग्नाआधीचं-नंतरचं नाव असेल तर आपल्या बायकांचा इथे घोळ होतो.

आता कोर्सनंतरचं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. परत आल्यावर पहिल्याच सोमवारी लक्षात आलं की मी एकटी शिकून काही होत नाही. अरेस्ट आला तर छाती दाबायला एक, फोनला एक, एईडी आणायला एक, असे तीन तरी माणसं लागतात आणि आमच्याकडे आम्ही तिघंच आहोत. ओळखीच्या एका भूलतज्ज्ञ मैत्रिणीकडून मॅनिकिन मागून आणलं आणि जानेवारीत एका रविवारी सकाळी क्लिनिकच्या फरशीवर शिकवायला बसले. कंपाउंडर भाऊंनी पटकन धरलं. ताई मागे सरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, मी दाबलं अन् बरगडी तुटली तर?" मी सांगितलं, तुटू शकते, आणि तुटली तरी थांबायचं नाही, ज्याचं हृदय बंद पडलंय त्याचं त्याहून वाईट काही होत नसतं, बरगडी जुळते. मग गुडघे टेकून बसल्या. आता त्यांचा वेग आमच्या तिघांत सगळ्यात सारखा असतो.

फोनवर काय बोलायचं ते ताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून फोनच्या मागे चिकटवलं आहे: पेशंट बेशुद्ध आहे, श्वास नाही, सीपीआर चालू आहे, पत्ता, जवळची खूण, आणि क्लिनिकचा नंबर. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही, म्हणून हे लिहून ठेवाच. एक ट्रे केला आहे, त्यात अ‍ॅड्रिनलिन, अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅस्पिरिन, एअरवे, आणि बाजूला हाताने श्वास द्यायची अँबू बॅग आणि छोटा सिलिंडर. झाकणावर एक्स्पायरीच्या तारखांचा कागद. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ओपीडीच्या आधी आम्ही एकदा सगळं करून बघतो.

एईडीचं कोटेशन लाखाच्या वर आलं, एकटीला ते झेपणारं नव्हतं. मग आमच्या रस्त्यावरचे डेंटिस्ट, बालरोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजी लॅबवाले आणि मी, चौघांनी मिळून घेतलं. ठेवायचं कुठे यावर बराच वेळ चर्चा झाली. कुणाच्याही क्लिनिकमध्ये ठेवलं तर दुपारी कुलूप असतं, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये ठेवलं, ते सकाळी आठ ते रात्री अकरा उघडं असतं. स्टोअरवाल्या दादांनी आणि त्यांच्या मुलानेही सीपीआर शिकून घेतला. पॅडची एक्स्पायरी असते, बॅटरीचीही असते, ते बघायचं काम लॅबवाल्यांकडे आहे.

माझं कार्ड डिसेंबर २०२६ अखेर संपेल, तेव्हा परत जायचंच आहे, आणि यावेळी ऑगस्टमध्येच तारीख धरणार. पारडी, वाठोडा, कळमना भागातल्या कुणाला आपल्या स्टाफला शिकवायचं असेल तर एखादा रविवार सांगा, मैत्रीण मॅनिकिन द्यायला तयार आहे. तुमच्याकडे फरशीवर चार माणसं बसतील एवढी जागा आणि दोन तास हवेत, बाकी मी घेऊन येते.